जुने कपडे कसे द्यावेत: मुंबईतल्या घरांसाठी

दिवाळीच्या साफसफाईत माळा उतरवला की घरटी एखादं तरी गाठोडं निघतंच. त्याचं काय करायचं हे ठरवायला तेव्हा कुणालाच सवड नसते. मग ते वॉचमनच्या हाती दिलं जातं, नाहीतर कचऱ्याच्या डब्याशेजारी 'कुणीतरी नेईल' म्हणून ठेवलं जातं. कुणीतरी उचकून हवं तेवढं काढून घेतं, उरलेल्यावर कुत्री बसतात आणि सकाळी ते कचऱ्याच्या गाडीत चढतं.

कपडे देण्यातली खरी मेहनत देण्याआधीची असते: निवडणं, धुणं, टाका घालणं, माप लिहून बांधणं. ती आपण टाळली तर ती पुढे घेणाऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसते. ज्या घरात पाणी हंड्याने भरावं लागतं, तिथे मळका कपडा पोचला की आधी पाण्याची एक खेप वाढते. म्हणून पुढे जे सांगितलं आहे त्यातलं बहुतेक काम आपल्याच घरात, आपल्याच नळाखाली आणि आपल्याच खिडकीत करायचं आहे.

आधी घेणारा ठरवा, मग कपाट उघडा

उलट केलं तर ढीग आधी तयार होतो आणि त्याला ठिकाण शोधत फिरावं लागतं. वन रूम किचनमध्ये ढीग चार दिवसांवर टिकत नाही. पायात येऊ लागला की मिळेल त्याला देऊन टाकला जातो.

गरज माणसागणिक बदलते. सकाळी आठच्या सुमारास नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या मजुराला पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि जाड कापडाची फुल पँट लागते. ऊन असतंच, शिवाय ओलं सिमेंट कातडीला लागत राहिलं की जखमा होतात. हाफ पँट त्याला घरी बसायला ठीक, कामाला नाही. फूटपाथवर राहणाऱ्या कुटुंबाकडे कपडे ठेवायला जागाच नसते. त्यांना एकदम दहा जोड दिले तर बरेचसे भिजून, चोरीला जाऊन किंवा पालिका सामान उचलते तेव्हा जातात. माणशी दोन जोड, एक चादर आणि जून लागण्याआधी एक ताडपत्री, एवढं त्यांना सांभाळता येतं.

परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचारांसाठी बाहेरगावाहून आलेली माणसं महिनोन्‌महिने मुंबईत राहतात. त्यातली कित्येक दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारख्या ठिकाणी उतरतात. केमोथेरपी चालू असलेल्या माणसाला डोक्यावरून घालायचा टी-शर्ट नकोसा होतो. छातीशी पोर्ट (औषध सोडण्यासाठी कातडीखाली बसवलेली छोटी डबी) बसवलेला असतो किंवा हाताला सुई लावलेली असते, म्हणून समोरून बटणं असलेला, सैल, मऊ सुती शर्ट किंवा गाऊन हवा. केस गेलेल्या डोक्याला सुती टोपी किंवा जुनी मऊ ओढणी बरी वाटते. नायलॉनची टोचते आणि घसरते. रुग्णांसाठी मात्र नवे किंवा नव्यासारखे कपडेच काढा आणि कार्यालयात विचारल्याशिवाय नेऊ नका. प्रतिकारशक्ती उतरलेल्या माणसाजवळ बाहेरची वस्तू ठेवायची की नाही, हे तिथल्या लोकांनाच ठरवू द्या. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत भुकेल्याला अन्न आणि तहानलेल्याला पाणी यांच्यापाठोपाठ लगेच 'उघड्यानागड्यांना वस्त्र' येतं. वस्त्राची जागा इतकी वरची आहे. उरलंसुरलं म्हणून त्याच्याकडे पाहू नये.

मुंबईपासून दोन-तीन तासांवर गरज पुन्हा बदलते. दिवाळीनंतर ठाणे, पालघर, रायगडमधल्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबं मुलाबाळांसह राहायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जव्हार, मोखाड्याकडे डिसेंबरच्या रात्री चांगल्याच गार असतात. मुंबईत वर्षानुवर्षं घडी न मोडलेले स्वेटर, शाली, कानटोप्या तिकडे खरोखर अंगावर चढतात, पण ते नोव्हेंबरअखेर पोचले तरच. जानेवारीच्या शेवटी पाठवलेला स्वेटर पुढच्या वर्षापर्यंत कुणाच्या तरी झोपडीत उंदरांना होतो. बायकांसाठी साड्या, परकर, गाऊन. लहान मुलींसाठी सलवार, लेगिंग, फ्रॉक. कमरेखाली बसणाऱ्या जीन्स आणि तोकडे टॉप तिकडे पडून राहतात.

संस्थेमार्फत द्यायचं असेल तर 'गूंज' हे नाव बहुतेकांच्या कानावर आलेलं असतं. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत ती सुरू केली, मुंबईतही तिचं संकलन चालतं, आणि गुप्ता यांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तिच्या कामाची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. गावातली माणसं विहीर खणतात, रस्ता दुरुस्त करतात, तळ्यातला गाळ काढतात आणि त्या श्रमाचा मोबदला म्हणून कपड्यांचा संच घेतात. घेणाऱ्याची मान खाली जात नाही. जुन्या सुती कापडापासून तिथे मासिक पाळीचे पॅडही बनतात, त्यामुळे फाटलेली पण स्वच्छ सुती साडी आणि चादर त्यांच्या दृष्टीने मोलाची.

मे २०२३ मध्ये 'मेरी लाइफ, मेरा स्वच्छ शहर' या मोहिमेत देशभरातल्या शहरांत आरआरआर (रिड्यूस, रियूज, रिसायकल, म्हणजे वापर कमी, पुनर्वापर, पुनर्चक्रण) केंद्रं उघडली गेली. तिथे कपडे, चपला-बूट, पुस्तकं, खेळणी घेण्याची सोय केली होती. आपल्या भागात असं केंद्र चालू आहे का, हे वॉर्ड ऑफिसात विचारा. पालिकेचा १९१६ हा नंबर आहेच.

कुठलीही संस्था निवडा, आधी फोन करा आणि पाच गोष्टी विचारा: काय घेत नाही? कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत घेता? घरी येऊन न्यायचं असेल तर किमान किती किलो हवं? कपडे शेवटी कुठे जातात? विकत असाल तर त्या पैशांचं काय होतं? विकण्यात काही गैर नाही. पुष्कळ संस्था अल्प दरात विकतात, आणि स्वतः निवडून विकत घेतलेला कपडा माणूस जास्त आवडीने वापरतो. पण ते आपल्याला सांगितलं गेलं पाहिजे. 'काहीही चालेल, कसंही चालेल, फक्त पत्ता पाठवा' असं सांगणाऱ्या अनोळखी मेसेजवर मात्र गाठोडं देऊ नका. कपडे नेमके कुणाला द्यायचे हे ज्याला ठाऊक असतं, त्याच्याकडे काय नको याची यादी असतेच.

आणि बोहारणीला विसरू नका. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या या बायका, त्यांतल्या बऱ्याच वाघरी समाजाच्या, ते कपडे बाजारात नेतात. तिथून घेणारे ते उसवतात, शिवतात, रंगवतात, इस्त्री करतात आणि कष्टकऱ्याला परवडेल अशा भावात विकतात. हे दान नाही, पण यात कपडा वाया जात नाही आणि तीन-चार घरांची चूल पेटते. नीट निवड करायला तुम्हाला वेळच नसेल तर बोहारणीला हाक मारा. चार साड्यांवर पातेलं मागून तिच्याशी घासाघीस मात्र करू नका.

निवड खिडकीपाशी करा

ट्यूबलाइटखाली कपडा खोटं सांगतो. दिवसा, खिडकीत, एकेक कपडा दोन्ही हातांनी उजेडावर धरा. शर्ट असेल तर कॉलरची घडी, काखा आणि कोपरं बघा. पँट असेल तर बैठक, गुडघे आणि मांड्या एकमेकींना घासतात तो भाग. कापडातून उजेडाचे बारीक ठिपके दिसले तर ते विरलं आहे. खात्रीसाठी तोच भाग दोन्ही हातांच्या चिमटीत धरून आडवा ताणा. 'टर्र' असा आवाज आला किंवा धागे बाजूला सरकले तर तो कपडा दोन धुण्यांत फाटणार. इलॅस्टिक ताणून कानाशी धरा. कुरकुर ऐकू आली तर आतलं रबर मेलं आहे.

साडी पूर्ण उलगडून बघा, घडीवरून ठरवू नका. निऱ्यांचा खालचा काठ आणि पदर आधी जातात. रेशमी साडी वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिली असेल तर घडीच्या रेघेवर चिरते आणि नेसताना लांबच लांब फाटते. ब्लाऊज एका बाईच्या मापाचा शिवलेला असतो, दुसरीला क्वचितच बसतो. शिवणीत बोटभर माया (आत दुमडून ठेवलेलं जादा कापड) असेल तरच द्या, कारण मग तो उसवून मोठा करता येतो. माया नसेल तर तो कापडाच्या ढिगात. परकर नाडीसकट द्या. नाडी नसलेला परकर कुणी नेसत नाही.

निवडताना चार ढीग करत जा. पहिला: जसाच्या तसा अंगावर घालण्याजोगा. दुसरा: एक-दोन टाके, बटण किंवा चेन लागणारा. तिसरा: नेसण्या-घालण्याजोगा नसला तरी कापड म्हणून चांगला. चौथा: चिंधी. पहिल्या ढिगात काय जावं, यासाठी एकच प्रश्न स्वतःला विचारा. हा शर्ट घालून एखादा मुलगा नोकरीच्या मुलाखतीला जाऊ शकेल का? ही साडी नेसून एखादी आई मुलाच्या शाळेत पालकसभेला जाईल का? उत्तर देताना जीभ अडखळली तर कपडा तिसऱ्या ढिगात टाका.

तिसऱ्या ढिगात सुती आणि कृत्रिम धागा वेगळे करावे लागतात, कारण सुती कापड पाणी शोषतं आणि पॉलिएस्टर शोषत नाही. हाताला कळलं नाही तर शिवणीतून एक धागा ओढून घ्या, चिमट्यात धरून सिंकवर काडीने पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, कागद जळल्याचाच वास येतो आणि राख बोटाने चुरली जाते. पॉलिएस्टर आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक काळा मणी धरतो. दोन्ही लक्षणं दिसली तर तो टेरीकॉट. पॅडसाठी नको, पिशवीसाठी चालेल.

काही गोष्टी अंगावर घालायला म्हणून देऊ नका. वापरलेल्या चड्ड्या, बनियन आणि ब्रा देऊ नका. यांची गरज सगळ्यात मोठी असते हे खरं, म्हणून त्या नव्या पाकिटातल्या द्या. शंभर जुन्या टी-शर्टांपेक्षा चड्ड्यांची दहा नवी पाकिटं जास्त उपयोगी पडतात. पोलीस, होमगार्ड किंवा सुरक्षारक्षकाचा गणवेश बिल्ले, पट्ट्या आणि खांद्यावरची नावं काढल्याशिवाय देऊ नका. चुकीच्या हातात पडला तर तो फसवणुकीचं हत्यार होतो. शाळेचा गणवेश शाळेबाहेर उपयोगाचा नसतो. तो त्याच शाळेतल्या खालच्या इयत्तेतल्या मुलाला एप्रिलअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात मिळाला पाहिजे, म्हणजे शाळा उघडायच्या आत आई बाह्या आणि उंची बघून घेते. निव्वळ निळी-पांढरी किंवा खाकी पँट असेल तर खिशावरचा शाळेचा बिल्ला उसवा आणि साधी पँट म्हणून द्या.

शेरवानी, घागरा, जरीची भारी साडी गाठोड्यात घालू नका. सामूहिक विवाह लावणारी मंडळं ती आनंदाने घेतात. नाहीतर विकून आलेल्या पैशांत चादरी घ्या.

बाळाचे कपडे वेगळेच हाताळायचे. झबली, टोपडी, दुपटी, लंगोट हे जितके धुतलेले, जितके मऊ, तितके चांगले. पण ते डांबर गोळ्यांबरोबर ठेवलेले असतील तर नवजात बाळासाठी देऊ नका. या गोळ्यांतल्या नॅफ्थलीनचा अंश कापडात राहतो, आणि जी-६-पी-डी हे विकर कमी असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटून तीव्र कावीळ होऊ शकते. कुठल्या बाळाला ही उणीव आहे ते बघून कळत नाही. एकदा धुऊन, उन्हात टाकून वास गेला म्हणजे धोका गेला असं धरू नका.

धुणं आणि वाळवणं

धुण्याआधी प्रत्येक खिसा उलटा करा. नोटा, पास, आधार कार्ड, औषधाच्या गोळ्या, क्वचित कानातलंही निघतं. पदरातल्या आणि परकरातल्या सेफ्टी पिना काढा, ड्रायक्लीनरने चिठ्ठीला मारलेली स्टेपलची पिनही. ढीग उपसणाऱ्या बाईच्या बोटात नेमकी हीच घुसते.

साध्या साबणाने धुवा. दोन गोष्टी टाळा. फॅब्रिक कंडिशनर टॉवेल, चादरी आणि पॅडसाठीच्या कापडाला वापरू नका, त्याने धाग्यावर थर बसून कापड पाणी कमी शोषतं. आणि खळ घालू नका. खळ घातलेल्या कपड्याला गोदामात कसर लागते.

घरात ढेकूण असतील तर त्या खोलीतला एकही कपडा पेस्ट कंट्रोलआधी बाहेर देऊ नका. नंतर मशीनमध्ये ६० अंशांवर धुवा, किंवा रंग जाणारा असेल तर शिवणी, कॉलर आणि कमरपट्टीवरून गरम इस्त्री सावकाश फिरवा; अंडी तिथेच असतात. इस्त्री झाली की लगेच पिशवी बंद. जिथे एकाच खोलीत सहा माणसं झोपतात, तिथे आपल्या घरातून ढेकूण पोचवणं हे फार मोठं नुकसान आहे.

बुरशी हा मुंबईच्या कपाटांचा कायमचा रोग. ती आधी घराबाहेर, गॅलरीत, ब्रशने झटका, मग तीन-चार तास कडक ऊन द्या. अर्ध्या बादली पाण्यात एक कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा आणि नेहमीसारखं धुवा. कुबट वास जातो, पण काळे ठिपके बरेचदा राहतात. ठिपके राहिलेला कपडा अंगावर घालायला देऊ नका.

सगळ्यात जास्त माल वाळवण्यात फुकट जातो. जून ते सप्टेंबर कपडा हाताला सुका लागतो, पण कमरपट्टी, खिशाचे कोपरे, काखेची शिवण आणि टोपीच्या दोऱ्या आतून ओल्याच असतात. तशी पिशवी बांधली की दोन-तीन दिवसांत आत बुरशी धरते आणि एका ओल्या जीन्सपायी अख्खी गोणी फेकावी लागते. तपासायचं असेल तर कमरपट्टी गालाला लावा; गार लागली की अजून वाळायची आहे. शक्यतो पावसाळ्यात गोळा करूच नका. ऑक्टोबरचं ऊन आणि फेब्रुवारी ते मे हे महिने यासाठी चांगले.

वेळेचा आणखी एक मुद्दा आहे. दसरा ते दिवाळी, शिवाय २ ते ८ ऑक्टोबरचा दान उत्सव, या काळात सगळं शहर एकदम कपडे देतं. गोदामं भरतात, निवड करणारे हात अपुरे पडतात. दिवाळीत काढलेलं गाठोडं धुऊन, बांधून ठेवा आणि गरम कपडे सोडून बाकीचे जानेवारीत किंवा होळीच्या सुमारास द्या. तेव्हा त्यांच्याकडे लक्ष द्यायला माणसांना वेळ असतो.

टाका घाला

दुसरा ढीग एका बैठकीत संपतो. काळा, पांढरा, गर्द निळा आणि तपकिरी दोरा, दोन सुया, साध्या शर्टाची साधारण ११ मिलिमीटरची बटणं, आणि नाडीचं बंडल. एका परकराला अडीच मीटर नाडी धरा. बटण लावताना कापडाला चिकटून ओढू नका. सुईच्या जाडीइतकी मोकळीक ठेवून शेवटी दोऱ्याला दोन-तीन वेढे द्या, नाहीतर काजात घालताना तुटतं. उसवलेली शिवण जिथे सुटली आहे त्याच्या एक-एक इंच आधी-पुढे धरून मागे टाका घालत शिवा. चेन सरकत असूनही दात मिटत नसतील तर बहुतेक वेळा रनर सैल झालेला असतो. तो बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून बदलून घ्या, अख्खी चेन काढायची गरज नाही. एका कपड्याला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागणार असतील तर तो तिसऱ्या ढिगात.

बांधणी आणि माप

'लेडीज', 'जेंट्स' एवढंच लिहून भागत नाही. पुढे कुणीतरी रांगेत उभ्या माणसाला बघून कपडा काढणार असतो. पुरुषांच्या पँटला कंबर इंचांत लिहा, शर्टाला छाती. मुलांचं वय नुसतं लिहू नका. सहा वर्षांची दोन मुलं सारखी नसतात. फ्रॉकची किंवा पँटची उंची टेपने मोजून तीही लिहा. चिठ्ठी अशी हवी: 'पुरुष, पँट, कंबर ३०–३२, ८ नग'. मराठीत, मोठ्या अक्षरांत, मार्करने, गोणीच्या दोन बाजूंना.

गोणी एका माणसाला जिन्यावरून उतरवता येईल एवढीच भरा, १० ते १२ किलो. जीन्सची एक पँट ६०० ते ७०० ग्रॅम भरते, म्हणजे नुसत्या जीन्स असतील तर पंधरा-सोळाच मावतील. शर्ट पन्नासपर्यंत जातात. पुठ्ठ्याचे खोके नकोत, ते दमट हवेत मऊ होऊन तळातून सुटतात. धुतलेल्या तांदळाच्या गोण्या चांगल्या. त्याहून चांगलं म्हणजे चादरीचं गाठोडं, कारण बांधलेली चादरही कुणाच्या तरी अंथरुणाला होते. चपला-बूट वेगळे बांधा, जोडीच्या लेस किंवा पट्टे एकमेकांत अडकवून. एक बूट हरवला की दुसरा कचरा होतो.

नेताना लोकलच्या गर्दीच्या वेळी गाठोडं घेऊन चढू नका. दुपारी मालडब्यातून न्या. उपनगरातून रिक्षाने निघालात तर वांद्रे किंवा शीवला टॅक्सी बदलावी लागते, कारण रिक्षा पुढे शहरात येत नाही. दोन गोण्यांच्या वर सामान असेल तर शेजारच्या दोन घरांनी मिळून टेम्पो करणं सोयीचं.

सोसायटीत गोळा करताना

संस्था आणि तारीख पक्की झाल्यावरच फलकावर सूचना लावा, पंधरा दिवस आधी, आणि काय घेणार नाही ते तिच्यात वरच लिहा. रविवारी सकाळी दहा ते एक, तीन तास पुरे. दिवसभर खोका ठेवून दिला तर त्यात कपड्यांबरोबर फुटक्या बरण्या आणि तुटकी खेळणी येतात.

चार टेबलं, सहा ते आठ माणसं आणि बॅग अडकवायचा एक वजनकाटा. पहिल्या टेबलावर बसणाऱ्याचं काम सगळ्यात अवघड: कपडा देणाऱ्यासमोर उघडून बघायचा आणि चालत नसेल तर तिथेच, प्रेमाने परत करायचा. 'काकू, ही चादर फार विरलीय, पुसणीला घरीच ठेवा' असं म्हणायला जो संकोचेल त्याला तिथे बसवू नका. नंतर बघू म्हणून ठेवलेलं सगळं दुपारी तीन वाजता कार्यकर्त्यांच्या गळ्यात पडतं.

घरटी ५ किलो धरले तर शंभर घरांचे ५०० किलो होतात, म्हणजे १२ किलोच्या चाळीसेक गोण्या. छोटा हत्ती टेम्पो ७५० किलो ओढतो, पण कपडे वजनाआधी जागा खातात, म्हणून गोण्या दाबून भरा आणि जड जीन्स तळाला ठेवा. टेम्पो त्याच दिवशी निघाला पाहिजे. जिन्याखाली रात्र काढलेला माल उंदीर आणि पाण्याची टाकी भरून वाहणं, दोन्हींना सापडतो.

टेम्पोभाडं आणि निवडणाऱ्यांची मजुरी संस्थेलाच सोसावी लागते. म्हणून कपड्यांबरोबर घरटी पन्नास-शंभर रुपये गोळा करून दिलेत तर फार मदत होते. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत देणगीवर मिळणारी वजावट वस्तूंवर मिळत नाही, ती पैशांच्या देणगीवरच आहे, आणि तीही रोख २००० रुपयांच्या वर दिली तर मिळत नाही. तेव्हा रक्कम ऑनलाइन भरून पावती घ्या.

हातात देताना

घरकामाला येणाऱ्या मावशींना द्यायचं असेल तर पिशवी हातात कोंबू नका. कपडे खाटेवर मांडा आणि म्हणा, 'मावशी, यातलं तुम्हाला काही चालेल का बघा. नको असेल ते राहू द्या.' नाही म्हणण्याची मोकळीक दिली की माणूस हवं ते निवडून घेतो. दिवाळीच्या बोनसऐवजी कपडे देऊ नका. बोनस त्यांच्या कामाचा आहे, कपडे तुमच्या कपाटातले.

रात्री गाडीतून फूटपाथवर कपडे वाटत जाणं टाळा. गर्दी होते, धक्काबुक्की होते, ताकदवान माणसाला चार मिळतात, म्हाताऱ्याला काहीच नाही, आणि जे मापाचं नसतं ते पहाटे गटाराशी पडलेलं असतं. वस्तीत काम करणाऱ्या बालवाडी ताई, आरोग्यसेविका किंवा बचत गटाच्या बाईंना आधी भेटा. कुणाकडे बाळंतपण आहे, कुणाचं घर जळलं आहे, हे त्यांना ठाऊक असतं. आणि घेणाऱ्याचा फोटो काढू नका. फोटो हवाच असेल तर भरलेल्या गोण्यांचा काढा.

'माणुसकीची भिंत' (नको ते ठेवून जा, हवं ते घेऊन जा अशी जागा) उभारायची असेल तर वर छप्पर, कपडे टांगायला हँगर आणि रोज संध्याकाळी बघणारं एक माणूस, या तीन गोष्टी असतील तरच. हँगरवरचा शर्ट माणूस बघतो, जमिनीवरचा तुडवतो.

पूर आला की

२००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूच्या किनाऱ्यावर मदत म्हणून आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. मच्छीमारांच्या बायकांना न चालणारे, न धुतलेले, माप नसलेले कपडे. जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाड पाण्याखाली गेलं, २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर, तेव्हाही मुंबईतून टेम्पोच्या टेम्पो निघाले. पहिल्या आठवड्यात तिथे पाणी, जेवण, औषधं आणि चिखल काढायची साधनं लागतात. रस्ता एकच उघडा असतो आणि कपड्यांच्या टेम्पोमागे टँकर अडकतो. तेव्हा पैसे पाठवा. कपड्यांची मागणी तिथून, नग आणि मापासकट आली की मग नव्या चड्ड्या-बनियन, सॅनिटरी पॅड, टॉवेल, चादरी, साड्या आणि परकर काढा.

उरलेली चिंधी

चौथा ढीगही कचऱ्यात जायला नको. चिंध्या गटारात गेल्या की प्लास्टिकला गुंडाळतात आणि पहिल्याच मोठ्या पावसात नाला तुंबतो. मऊ सुती साड्या आणि धोतरं असतील तर गोधडी शिवणाऱ्या बाईला द्या. एका मोठ्या गोधडीला बाहेरून दोन साड्या आणि आत भरायला तीन-चार लागतात. काठ तसेच ठेवा, किनारीला होतात. जुने टॉवेल, चादरी आणि पायपुसणी प्राण्यांच्या दवाखान्यांना हवी असतात. परळच्या बैलघोडा हॉस्पिटलसारख्या ठिकाणी फोन करून विचारा. लोकरीचं फाटकं भंगारवाल्याकडे वेगळं द्या. पानिपतच्या कारखान्यांत जुनी लोकर पिंजून पुन्हा सूत काढतात आणि त्याच्या घोंगड्या विणतात.

होजिअरीचे टी-शर्ट आणि बनियन गॅरेजवाल्याच्या कामाचे. बटणं, चेन आणि रबरी छापाचा भाग कापून टाका, कारण छापाचं रबर तेल शोषत नाही आणि धातू गाडीच्या रंगावर ओरखडा काढतो. उरलेल्याचे साधारण एक फूट बाय एक फूट तुकडे करा, ५ किलोची एक पिशवी भरा आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेऊन द्या. काढलेली बटणं डबीत ठेवा, पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या ढिगाला लागतील.